पदार्थविज्ञान, पियानो आणि तत्त्वचिंतन : एकपात्री कॅबरेची बांधणी कशी करावी?

तारसप्तक (प्रश्न)

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते आणि लहानपणापासून पियानो वाजवते. या दोहोंना तत्त्वचिंतनाची जोड देऊन सुमारे सत्तर मिनिटांचा एकपात्री कार्यक्रम बसवण्याचा माझा विचार आहे. पॅरिसमध्ये १८८१ साली सुरू झालेल्या ‘ल शा न्वार’ या कॅबरेमध्ये संगीतकार एरिक साती पियानोवर बसत असे आणि त्याच छपराखाली कविता, गाणी, टवाळी व गंभीर बोलणे सुखाने नांदत असे. कॅबरेचा तो मोकळा बाज मला हवा आहे.

संहितेचा पहिला खर्डा लिहून झाला आहे, परंतु त्यातील तिन्ही विषय एकाच डब्यातून प्रवास करणाऱ्या अनोळखी उतारूंसारखे एकमेकांशेजारी बसून आहेत. दहा मिनिटे व्याख्यान, पाच मिनिटे वादन, मग थोडे चिंतन, पुन्हा व्याख्यान. यांना बांधणारा धागा कोणता असावा? डिजिटल पियानो चालेल की खराच हवा? आणि तत्त्वज्ञान किती असावे? गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेले हे गाव आहे, त्यामुळे जड विषयाची मला भीती वाटत नाही. कंटाळवाण्या मांडणीची मात्र वाटते.

पांढरी_चार (प्रतिसाद)

ताई, तुमच्या वर्णनावरून असे दिसते की विज्ञान तुम्ही सांगता आणि पियानो विश्रांतीपुरता वाजतो. हा क्रम उलटा करावा. प्रयोग पियानोने आधी करून दाखवावा आणि बोलणे त्याच्या मागून यावे.

उदाहरणार्थ, पियानोच्या मधला सी (सी-चार) आवाज न होऊ देता हळूच दाबून धरा. त्याच्या तारांवरचा डॅम्पर, म्हणजे तारा गप्प ठेवणारी गादी, तेवढी उचलली जाईल. आता एक सप्तक खालचा सी जोरात वाजवून लगेच सोडा. वाजवलेली तार गप्प होते आणि ज्या तारेला हातोडीचा स्पर्शही झाला नाही ती गात राहते. खालच्या सीऐवजी त्याला लागून असलेली काळी पट्टी वाजवली, तर तीच तार ढिम्म राहते. अनुनाद म्हणजे काय, हे यानंतर दोन वाक्यांत सांगून होते. उजवा पेडल दाबून, झाकण उघडून आत तोंड करून ‘आ’ आणि मग ‘ई’ असा जोरात सूर लावला, तर तारा स्वरासकट उत्तर देतात. इथे प्रेक्षक हसतात, आणि कॅबरेला ते हवेच असते.

यानंतर खरी गंमत सुरू होते. खालच्या सीची कंपनसंख्या सेकंदाला १३०.८ आहे. तिची तिप्पट ३९२.४ होते, पण पियानोवरचा जी ३९२.० वर लावलेला असतो. हे दोन्ही स्वर एकत्र धरून ठेवले की दर दोन सेकंदांनी किंचित हेलकावा ऐकू येतो. पाचपट घेतली तर ६५४ येते आणि पियानोवरचा ई मात्र ६५९ वर आहे. सी हा षड्ज धरला तर ई म्हणजे गंधार. तंबोऱ्यातला स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणारा, गंधार ज्यांच्या कानात मुरलेला आहे, त्यांना हा ई चढा वाटतो, आणि नाशिकमध्ये तसे कान पुष्कळ आहेत.

असे का होते, याचे उत्तर तुमच्या कार्यक्रमाचा कणा होऊ शकेल. शुद्ध पंचमाच्या, म्हणजे दर वेळी दीडपट कंपनसंख्येच्या, बारा पायऱ्या चढल्या तर १२९.७५ पट वर पोहोचतो. दर वेळी दुप्पट अशी सात सप्तके चढल्यावर १२८ पट. दोन्ही ठिकाणे एकच असायला हवी होती, पण तीनचा कोणताही घात दोनच्या कोणत्याही घाताशी कधीही जुळत नाही. उरलेली ही तफावत अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्श्याइतकी आहे, आणि पियानोत ती बाराही पंचमांत सारखी वाटून टाकलेली असते. म्हणजे सप्तके सोडली तर पियानोवरचा कोणताच स्वरसंवाद पूर्ण शुद्ध नसतो.

डिजिटल पियानोत हा अनुनाद संगणक घडवतो. तो ऐकायला बरा असतो, पण मग तुमचा प्रयोग हा प्रयोग राहत नाही. साधा उभा पियानो घ्या आणि त्याची पुढची फळी काढून ठेवा, म्हणजे हातोड्या उठताना दिसतील.

पूर्वरंग (प्रतिसाद)

तुम्हाला हवा असलेला बाज आपल्याकडे फार जुना आहे. नारदीय कीर्तनात एकटा कीर्तनकार उभा राहून गातो, समजावतो, नकला करतो, श्रोत्यांना टोमणे मारतो, आणि तरीही कीर्तन विस्कळीत होत नाही, कारण सुरुवातीला घेतलेल्या एका पदावर सगळे टांगलेले असते. पूर्वरंगात त्या पदाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच आशयाचे आख्यान लावले जाते. वरच्या प्रतिसादातला ‘तीनचा घात दोनच्या घाताशी जुळत नाही’ हा सिद्धांत तुमचे पद समजा. पूर्वरंगात तो पियानोवर सिद्ध करा. उत्तररंगात आख्यानासाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आहेतच. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या या गृहस्थांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांच्या, गणितावर १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्या श्रुती वाजवू शकणारी पेटी घडवण्यामागे ते लागले. पुढे आकाशवाणीने १९४० पासून अनेक वर्षे पेटीला बंदी घातली, तिच्यामागेही स्वरांच्या याच तडजोडीविषयीची नाराजी होती. प्लांक आणि हायझेनबर्ग हे पदार्थवैज्ञानिक उत्तम पियानो वाजवीत, हे किस्से मात्र शक्यतो टाळा. त्यांनी टाळी मिळते, पण विषय पुढे सरकत नाही.

कालिदास कलामंदिराचा मोह धरू नका. हातोड्या दिसायच्या असतील तर कुसुमाग्रज स्मारकासारखी जवळीक असलेली जागा बरी.

वीचितरंग (प्रतिसाद)

तत्त्वज्ञान किती असावे, यापेक्षा ते कुठून उगवावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. न वाजवलेली तार गाऊ लागते, त्या क्षणी रंगमंचावर एक जुना वाद आपोआप उभा राहतो. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते शब्द (ध्वनी) हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पाण्यावरच्या लाटेप्रमाणे एक शब्द दुसऱ्याला जन्म देत कानापर्यंत येतो, किंवा कदंबाच्या कळीप्रमाणे तो एकाच वेळी सर्व दिशांना फुटतो. मीमांसकांना, म्हणजे मीमांसादर्शन मानणाऱ्यांना, हे मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने वर्ण नित्य आहेत आणि ध्वनी त्यांना केवळ प्रकट करतो. मीमांसकांचे म्हणणे वर्णांपुरते आहे, ते पियानोच्या स्वरावर जसेच्या तसे लादू नका. पण ‘हा सूर आत्ता जन्मला की आधीपासून होता?’ असे प्रेक्षकांना विचारून तुम्ही दोन्ही बाजू दोन आवाजांत मांडू शकता. तत्त्वज्ञ व गणिती लायब्निझने १७१२ मधील एका पत्रात, संगीत म्हणजे आपण मोजत आहोत हे ठाऊक नसलेल्या मनाचे गणित, अशा अर्थाचे विधान केले आहे. ते हेलकाव्यांच्या प्रयोगानंतर ठेवले तर ऐकणारा खरोखरच मोजत असताना पकडला जाईल.

तारसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बांधणी आता डोळ्यांसमोर येते आहे. खर्ड्यात पुंजयामिकीवर (क्वांटम मेकॅनिक्सवर) वीस मिनिटे आहेत आणि ती काढताना जीव तुटतो. पियानोच्या आधाराने ती टिकवता येतील का?

पांढरी_चार

वीस नाही, पाच मिनिटे टिकतील. पुंजयामिकीवरच्या १९२६ च्या पहिल्या निबंधातच श्रोडिंगरने म्हटले आहे की पूर्णांक तिथे तितक्याच स्वाभाविकपणे येतात जितक्या कंप पावणाऱ्या तारेवरच्या निस्पंद (न हलणाऱ्या) बिंदूंच्या संख्येत. तारेच्या मध्यावर बोट हलकेच टेकवून पट्टी वाजवली की एक सप्तक वरचा स्वर निघतो, तो निस्पंद बिंदू सर्वांना दिसेल. मात्र हायड्रोजनची ऊर्जापातळी तारेच्या स्वरांप्रमाणे एक, दोन, तीन अशी चढत नाही, हे त्याच दमात सांगा, आणि ‘सर्व काही कंपन आहे’ या वाक्याला मंचावर पाऊल ठेवू देऊ नका. त्याऐवजी सी. व्ही. रामन घ्या. त्यांनी १९२० साली पियानोच्या हातोडीच्या आघातावर निबंध लिहिला आणि त्याच वर्षी आपल्या तालवाद्यांच्या शाईमुळे सुरेल अधिस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) कसे मिळतात हेही मांडले. तबला शेजारी ठेवून हे पाच मिनिटांत वाजवूनच दाखवता येते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हेलकाव्यांचा प्रयोग ट्यूनिंगवर अवलंबून आहे. हवा दमट झाली की तारांमागचा लाकडी नादफलक फुगतो आणि सूर चढतात, त्यामुळे पावसाळ्यातली तारीख घेऊ नका. पियानो सभागृहात दोन-तीन दिवस आधी आणून ठेवा आणि प्रयोगाच्या दिवशी, दिवे लावून झाल्यानंतरच, ट्यूनरला बोलवा.