डॉक्सीची गोळी नेतात, घेत नाहीत

प्रश्न (सिस्टर, रत्नागिरी): भातलावणीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) देतो, 200 मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. "समजलं ना?" विचारलं की बायका मान डोलावतात; गोळी मात्र डब्यातच. काय करावं?

उत्तर १: "समजलं ना?"ला "होय"च येणार! "घरी कधी, कशाबरोबर घ्याल, सांगा बघू," असं विचारा. चुकलं तर परत सांगा, परत विचारा. वार ठरवून द्या, बाजाराचा दिवस उत्तम.

उत्तर २: बहुतेकदा मळमळीमुळे सोडतात. उपाशीपोटी घेऊन चिखलात वाकलं की उलटी ठरलेली. पेज जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर छातीत जळजळते. हे कारणासकट सांगा.

उत्तर ३: दिवस गेलेत का, हे सासूसमोर विचारू नका, बाजूला घ्या. गरोदर असेल तर गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवा.