अनुभव धागा : फाल्गुन ते वैशाख, आपल्या परसात काय घडले?

आरंभ आणि पहिला अनुभव, बांदिवडे

शिगम्याचे ढोल वाजू लागले की आमच्या घरी विहिरीत दोर किती हात सोडावा लागतो याची चौकशी सुरू होते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु आपली जांभ्याची जमीन ते पाणी फार काळ धरून ठेवत नाही. त्यामुळे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत परसातल्या प्रत्येक वाफ्याला आपण हाताने घातलेल्या पाण्यावरच जगावे लागते. थंडीतल्या भाज्या आवरत्या घ्यायच्या, वेलींना मांडव द्यायचे आणि पावसाळ्यासाठी बियाणे राखायचे, ही तिन्ही कामे आपल्याकडे वसंतातच येऊन पडतात. म्हणून सर्वांना विनंती आहे की फुले, भाज्या आणि परसाला जोडून घरात हाती घेतलेली कामे यांविषयीचा या वर्षीचा अनुभव येथे लिहावा. जे जगले त्याच्याइतक्याच तपशिलाने जे मेले त्याचे कारणही लिहावे, कारण मला तरी दुसऱ्यांच्या नुकसानीतून अधिक शिकायला मिळाले आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर या वर्षी तांबडी भाजी दोनदा पेरावी लागली. पहिल्या खेपेस वाफा छान भुसभुशीत केला, मोहरीहून बारीक असे ते काळे चकचकीत बी विसकटले आणि पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची एक सरळ रांग वाफ्यातून निघून चिऱ्यांच्या गडग्यात शिरत होती आणि प्रत्येक मुंगीच्या तोंडात एकेक काळा ठिपका होता. आठवडाभर वाट पाहिली तेव्हा सबंध वाफ्यात जेमतेम वीस-पंचवीस रोपे दिसली. आजीने ते पाहून चुलीतली राख चाळून आणली, बियाण्यात राख आणि बारीक वाळू मिसळली, पेरल्यावर वाफ्याच्या कडेनेही राखेची रेघ ओढली आणि वर ओले गोणपाट पसरले. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलले तर खाली लालसर मोड उठलेले होते. त्यानंतर दुपारच्या उन्हासाठी काठ्यांवर माडाची चुडते आडवी घातली. सव्वीसाव्या दिवशी पहिली जुडी मुळासकट उपटली, तेव्हा मुळेसुद्धा गुलाबी होती. राखेपेक्षाही चुडतांच्या सावलीचा उपयोग अधिक झाला असे माझे मत आहे, कारण सावलीतल्या वाफ्याला एक वेळचे पाणी पुरले आणि उघड्या वाफ्याला दोन वेळचे घालूनही पाने दुपारी माना टाकीत होती.

माशेलहून

माझा अनुभव वांग्यांचा आहे आणि तो दुःखाचा आहे. आमच्याकडे वांगे म्हटले की अगशीच्या वांग्याचेच नाव निघते, म्हणून एका रोपवाटिकेतून त्याच जातीची म्हणून चोवीस रोपे आणली. माघात ती कमरेपर्यंत आली आणि पहिली फुलेही दिसली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र एका दुपारी एक झाड कोमेजलेले दिसले. पाने हिरवीगार होती, पण उकडल्यासारखी लोंबत होती. पाणी कमी पडले असेल अशा समजुतीने मी त्याला आणि शेजारच्या झाडांना भरपूर पाणी घातले. आठ दिवसांत त्या ओळीतली सात झाडे तशीच गेली.

कृषी खात्यात नोकरी केलेले आमचे काका सुट्टीवर आले होते. त्यांनी मेलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत तिरके कापले आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तो तुकडा कापलेल्या टोकाने पाण्यात धरून ठेवला. मिनिटभरात खोडाच्या टोकातून दुधाच्या बारीक धारेसारखे काहीतरी पाण्यात उतरू लागले आणि पेल्याच्या तळाशी गढूळ ढग जमला. ही जिवाणूंमुळे येणारी मर आहे, असे त्यांनी सांगितले. बुरशीने मर आली असती तर अशी धार निघाली नसती. हा जिवाणू मातीत राहतो, पाण्याबरोबर एका झाडाच्या मुळांकडून दुसऱ्याकडे जातो आणि उष्ण, ओल्या मातीत फोफावतो. म्हणजे मी काळजीपोटी घातलेल्या पाण्यानेच तो ओळीभर पसरला.

उरलेली झाडे वाचवण्यासाठी रोगट झाडे मुळांसकट काढून परसाबाहेर जाळली आणि मधल्या सरीचे पाणी बंद केले. त्या वाफ्यात तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची यांपैकी काहीही लावायचे नाही, कारण ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि तिघांनाही हाच रोग होतो. आता तेथे अळसांदे, म्हणजे चवळी, पेरले आहेत. पुढच्या खेपेस रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे आणणार आहे, कारण त्या खुंटाची मुळे या जिवाणूला सहजासहजी बळी पडत नाहीत. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मर सहन करणाऱ्या वांग्यांवर काम झालेले आहे, तेव्हा रोपे घेण्यापूर्वी तेथे विचारणे शहाणपणाचे ठरेल. मी ते आधीच करायला हवे होते.

म्हापशाहून

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि परस म्हणजे पश्चिमेचा सज्जा. मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत. डिसेंबरच्या अखेरीस त्यांचे पाणी पंधरा दिवस तोडले, मग फांद्या निम्म्यावर छाटल्या, पाने काढून टाकली आणि शेणखत घातले. छाटलेले झाड पाहून आईला फार वाईट वाटले आणि दोन दिवस ती सज्ज्यात फिरकली नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या फुटीच्या प्रत्येक टोकाला कळ्या आल्या. आता रोज संध्याकाळी देवाच्या तबकापुरती फुले मिळतात.

वाळपईजवळून

आमच्या सत्तरी तालुक्यात वेलींच्या भाज्यांना खेतींचा, म्हणजे माकडांचा, उपद्रव फार आहे, आणि यंदा एका रात्री गवे कुंपण मोडून केळीपर्यंत आले. त्याविषयी लिहू लागलो तर धागा पुरणार नाही, म्हणून दुधीविषयीच लिहितो.

पोफळीची जुनी खोडे उभी चिरून त्यांचा मांडव घातला, वर बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दुधी, दोडकी व पडवळ एकाच मांडवावर चढवले. दुधीचा वेल पंधरा दिवसांत मांडवभर झाला. कोवळे दुधी धरत, बोटाएवढे होत आणि पिवळे पडून गळून जात. मीही माशेलच्या लेखकाप्रमाणे पाणी वाढवले आणि काहीच फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी मांडवाखाली बसलो असताना लक्षात आले की दुधीची पांढरी फुले दिवस मावळताना उमलतात, आणि त्या वेळी आमच्याकडे एकही मधमाशी नसते. दोडक्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या असत, दुधीच्या फुलांकडे मात्र कोणीच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास विजेरी घेऊन गेलो. नराचे फूल लांब, बारीक देठावर असते आणि मादीच्या फुलाखाली अंगठ्याच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही. नराचे फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला परागांचा भाग मादीच्या फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवला. बोटाला पिवळी धूळ लागली. अशी आठ फुले केली आणि ओळखीसाठी प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा बांधला. त्यांतले सहा दुधी धरले. आमची मुलगी आता हे काम माझ्यापेक्षा नीट करते, कारण तिची बोटे बारीक आहेत.

फळमाशीविषयी एक सूचना करतो. आंब्यासाठी टांगतात तोच सापळा मी मांडवात टांगला होता आणि तो रिकामाच राहिला. आंब्याच्या फळमाशीला मिथिल युजेनॉलचा वास खेचतो, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यू-ल्यूरचा. दुकानात दोन्ही सापळे एकसारखेच दिसतात, म्हणून विचारून घ्यावे.

राय, सासष्टीहून

वरील अनुभव झाडांचे आहेत, माझा घराच्या बांधकामाचा आहे, पण तो परसासाठीच केलेला असल्याने येथे लिहीत आहे. आमच्या जुन्या घरात न्हाणीचे पाणी एका उथळ चरातून मागच्या केळीला आणि अळूला जात असे. दहा वर्षांपूर्वी घर नव्याने बांधले तेव्हा तो चर बुजवून सगळे पाणी शोषखड्ड्यात सोडले. तेव्हापासून उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी झाले की केळी वाळत असे, आणि शेजारी, केवळ एका भिंतीपलीकडे, शेकडो लिटर पाणी जमिनीत मुरत असे. या शिगम्याच्या सुट्टीत तो चर पुन्हा उघडला.

पहिल्यांदा घाई केली. न्हाणी आणि कपडे धुण्याची मोरी, दोन्हींचे पाणी एकाच नळीने वळवले. तीन आठवड्यांत अळूच्या पानांच्या कडा करपल्या आणि माती वाळली की तिच्यावर पांढुरका पापुद्रा दिसू लागला. कपड्यांच्या पावडरीतले क्षार मातीत साठतात आणि माती घट्ट होऊन पाणी आत घेईनाशी होते. मग गवंड्याला पुन्हा बोलावले आणि मोरीचे पाणी पूर्वीसारखे शोषखड्ड्यात सोडले. न्हाणीच्या पाण्यासाठी हातभर खोल खड्डा करून त्यात तळाला खडी, वर कोळसा, त्यावर जाडी वाळू आणि सर्वांत वर नारळाची सोडणे घातली. सोडणांवर साबणाचा साय धरतो, ती दर महिन्याला बदलून जुनी माडाच्या आळ्यात टाकतो. केळीला नवे पान आले आहे आणि अळूची फतफते दोनदा झाली. कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र हे पाणी देत नाही.

शिरोड्याहून

आमच्या सासूबाईंना दारात अबोली नसली तर दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. त्यांच्या हाताने ओवलेली फाती देवीला, मग घरातल्या सगळ्यांच्या केसांत, आणि उरली तर शेजारी, हा क्रम मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. या वर्षी मात्र अबोलीच्या वाफ्यातली झाडे एकेक करून पिवळी पडू लागली आणि फुलांची कणसे आखूड होऊ लागली. खत दिले, पाणी दिले, कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी एक झाड हलक्या हाताने उपटले. मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी होत्या. या गाठी सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांमुळे, होतात, आणि अबोलीला त्यांचा त्रास फार लवकर होतो.

आईंना ते झाड दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तो वाफा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वर्षी केला होता. मग त्यांनीच सांगितले की सगळी झाडे काढा, पण आधी बी राखा.

बी राखण्याचे हे काम मी प्रथमच जवळून पाहिले. वाळलेल्या कणसातले एक बोंड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. काही क्षण काहीच झाले नाही. मग टचकन आवाज होऊन बोंड उभे फाटले, तळहाताला चिमटा बसल्यासारखे झाले आणि चपट्या तपकिरी बिया उडून थेट तुळशी वृंदावनापर्यंत गेल्या. पाऊस पडला की बी आपोआप दूर पडावे अशी या झाडाची योजनाच आहे. म्हणून आई वाळकी कणसे मडक्यात घालतात, पाण्याचा शिपका मारतात आणि तोंडावर फडके बांधतात. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून अर्धा तास टचटच आवाज येत होता आणि आमचा धाकटा मडक्याला कान लावून बसला होता.

जुना वाफा आता खणून, ओला करून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबल्या आहेत. वैशाखाचे ऊन सहा आठवडे आत कोंडले की वरच्या थरातले सूत्रकृमी बरेच मरतात. त्यानंतर कडुनिंबाची पेंड घालून पावसाळ्यात तेथे झेंडू लावायचा आहे, कारण झेंडूची मुळे सूत्रकृमींना वाढू देत नाहीत. अबोलीची नवी रोपे पलीकडच्या वाफ्यात, ताज्या मातीत उगवत आहेत. काही बिया तीन आठवड्यांत उगवल्या, काही अजून उगवायच्या आहेत. कालपर्यंत एकतीस रोपे झाली होती. आई रोज सकाळी मोजतात.

काणकोण, खोलहून

आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून लोक उन्हाळ्यातही झाडे पाहायला येतात आणि निराश होऊन परततात. खोलची मिरची पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर होते, आणि वसंतात आमच्याकडे असते ते फक्त बियाणे. पण त्याची काळजी याच महिन्यांत घ्यावी लागते. झाडावरच पूर्ण लाल झालेली, दुसऱ्या तोड्यातली, सरळ आणि निरोगी फळे वेगळी काढलेली असतात. ती शेणाने सारवलेल्या खळ्यावर सकाळच्या उन्हात घालते आणि ऊन चढले की सावलीत घेते. हलवल्यावर बी आत खुळखुळू लागले की फोडून राखेत मिसळते. मग ते वाळक्या दुधीच्या भोपळ्यात भरून, तोंड शेणमातीने बंद करून, चुलीच्या वर टांगते. धुरामुळे किडा लागत नाही. गेल्या वर्षी सोय म्हणून प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते, त्यात दमटपणा धरला आणि निम्मे बी उगवलेच नाही.

शिरोड्याच्या वहिनींना विनंती आहे की अबोलीचे थोडे बी माझ्यासाठी राखून ठेवावे. मी मूठभर मिरचीचे बी वेगळे बांधून ठेवले आहे. ज्यांच्याकडे उताराची, पाणी न साचणारी जमीन आहे त्यांनी ते मेच्या अखेरीपर्यंत घेऊन जावे, कारण पहिला पाऊस पडण्यापूर्वी ते रोपाच्या वाफ्यात पडलेले असले पाहिजे.