नगरपंचायतीच्या पाणीकर्जाला शासनाची पूर्वमंजुरी हवीच का?

जांभा (धागाकर्ता): आमची नगरपंचायत कोकणातल्या एका खाडीकाठची, नळजोडण्या दोन हजारांच्या आत. जॅकवेलपासून (पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) टाकीपर्यंतची जुनी ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पाणी वर चढवणारी मुख्य नळी, बदलण्यासाठी कर्ज काढण्याचा ठराव झाला, प्रस्ताव पूर्वमंजुरीसाठी वर गेला आणि एक उन्हाळा टँकरवर काढून झाला तरी उत्तर नाही. कर्जावरची ही अट १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यापासूनची, म्हणजे परकीय राजवटीतली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्याचा विषय आहे. मग पाणी आम्ही द्यायचे आणि त्यासाठी पैसे उभे करायला मात्र परवानगी मागायची, हे कसे?

लेखाशीर्ष: कायदा जुना आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. त्याच कायद्यानुसार हप्ते थकले तर, ज्या निधीच्या तारणावर कर्ज दिले तो निधी सावकाराच्या अर्जावरून शासनाला जप्त करावा लागतो. आणि नगरपंचायतीचा निधी म्हणजे दिवाबत्ती, सफाई, पगार, सगळेच. समजा २ कोटींचे कर्ज ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे २३ लाख ३७ हजार होतो, म्हणजे १,८०० जोडण्यांवर दरमहा साधारण १०८ रुपये. ठराव करणारे सभागृह पाच वर्षांचे, हप्ता पंधरा वर्षांचा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले तेव्हा पतमानांकन संस्थांनी तिचे हिशेब तपासले होते. तुमच्या-आमच्या गावाचे हिशेब बाहेरचे कोण पाहणार? मंजुरी काढून टाकली तर कोणीच नाही.

जांभा: पाहावेत, पण पाहतात का? आमच्या प्रस्तावावर आजवर एकच शेरा आला आणि तो ठरावाच्या प्रतीवर शिक्का नसल्याचा होता. वसुलीबद्दल अवाक्षर नाही. केंद्राने कर्जमर्यादा आवळली म्हणून २०२३ मध्ये केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यांना जे केंद्राकडून जाचक वाटते, तेच ती आपल्या खालच्यांना सहज लावतात.

बंदघर: दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट राहिली. आमच्या आळीत निम्मी घरे गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. पाणी सर्वात कमी असते मेमध्ये आणि मागणी सर्वात जास्तही तेव्हाच, त्यामुळे नळाची क्षमता चाकरमान्यांच्या पंधरा दिवसांवर ठरते. थकबाकी त्यांच्याकडे अधिक (मी स्वतः मुंबईकर, दोन वर्षांची पट्टी यंदा भरली), मग हप्त्याचा भार बारमाही राहणाऱ्यांवर पडणार. १,८०० ने भागण्यापूर्वी खरोखर भरणाऱ्या जोडण्या किती, हे तपासले पाहिजे.

लेखाशीर्ष: अगदी बरोबर, आणि हाच प्रश्न सभागृहात कोणी विचारत नाही, पट्टी वाढवण्याचा विषय निवडणुकीच्या तोंडावर कोण काढील?

जांभा: मान्य. तरी मुदत हवी. ९० दिवसांत उत्तर नाही तर मंजुरी गृहीत धरावी, असे नियमात घालता येईल.

लेखाशीर्ष: बांधकाम परवानगीत ते चालून जाते. कर्जात चालणार नाही, कारण शासन गप्प राहिले एवढ्या आधारावर कोणत्याही बँकेचा वकील रक्कम सोडू देणार नाही. मुदत घालायची तर ९० दिवसांत कारणांसह लेखी होकार किंवा नकार देण्याची घाला.