जुन्या कंपनीचा आयपीओ येतोय, ईसॉपचं (कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) काय?

मिरजकर: पुण्यातलं स्टार्टअप सोडून सांगलीला परत आलोय. कंपनी आता शेअर बाजारात लिस्ट होतेय म्हणे. १,२०० ऑप्शन व्हेस्ट झालेले (म्हणजे हक्क पक्का झालेले), शेअरला ५० रुपये भावाने. हातात काही पडेल का?

विश्रामबाग: आधी ग्रँट लेटरमध्ये, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या पत्रात, एक्सरसाइजची (पैसे भरून शेअर घ्यायची) मुदत बघा. नोकरी सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी ९० दिवसच मिळतात. तेवढ्यात पैसे भरले नसतील तर व्हेस्ट झालेलेही गेले. एचआरला लेखी विचारा, फोनवरचं काही खरं नसतं.

हळदबाजार: मुदत असली तरी खरी मेख करात. समजा एक्सरसाइजच्या दिवशी शेअरचं मूल्य ५५० निघालं. फरक ५०० × १,२०० = ६ लाख, हा पगार धरतात, शेअर विकला नसला तरी! शेअर घ्यायला कंपनीला ६०,००० (५० × १,२००), आणि ३०% स्लॅब असेल तर सेससह (करावरचा उपकर) १,८७,२०० कर. एवढी रोकड लागेल.

मिरजकर: सहा महिने लॉक-इन, म्हणजे शेअर विकायला बंदी, असते ना?

हळदबाजार: इतर जुन्या भागधारकांना. ईसॉपच्या शेअरला सेबीची (शेअर बाजाराची नियामक) सूट आहे, माजी कर्मचाऱ्यालाही. शेअर डीमॅटमध्ये मात्र हवेत. आणि विकताना खरेदीभाव ५५० दाखवा. ५० दाखवून दोनदा कर भरणारे खूप आहेत.