दास की गुलाम?

गंगाघाट:
नाशिकच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघासाठी बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घेतोय. टिपणं इंग्रजीत आहेत, मराठी मी करतोय. पाचव्या वचनात आपल्याकडे ‘दासांनो’ आहे. मी ‘गुलामांनो’ लिहिलं, कारण चर्चेचा विषयच तो: धन्याची आज्ञा पाळा, हे घरकामाच्या बाईला किंवा वीटभट्टीवरच्या मजुराला आज ऐकवायचं का? मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई दुखावल्या. “मग रोमकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात पौल स्वतःला दास म्हणवतो, त्यालाही गुलाम म्हणणार का?” ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘दूलॉस’च आहे, तेव्हा त्यांचं चूक नाही. काय लिहू?

टाकळीकर:
दासच ठेवा. मराठीत दास म्हणजे स्वतःहून वाहून घेतलेला. समर्थांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं ते रामाचा दास म्हणून. जनाबाई ‘नामयाची दासी’. ‘गुलाम’ अरबी, फारसीवाटे आलेला. शास्त्र वाचताना खुपतो.

जुनी वही:
खुपतो म्हणूनच हवा. इफिसातल्या त्या माणसांनी कुणाला वाहून घेतलं नव्हतं, ती धन्याच्या मालकीची होती. ‘दास’ म्हटलं की त्या मालकीला भक्तीचा सुवास येतो. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला ‘गुलामगिरी’ नाव दिलं, ‘दास्य’ नाही. आणि अरबीत गुलाम म्हणजे मुळात मुलगा. आपण टपरीवरच्या मोठ्या माणसालाही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारतो, तेच. मत्तयाच्या आठव्या अध्यायातल्या शताधिपतीच्या चाकराला ग्रीकमध्ये ‘पाइस’ म्हटलंय, त्याचाही अर्थ मुलगा.

शरणपूर रोड:
नाशिकात हा प्रश्न पुस्तकी नाही. अरबांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शरणपूरच्या मिशनमध्ये राहिली, शिकली. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी शोधक लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ साली दफनाला लंडनला गेला. त्या काळी गुलाम बाळगणारे इफिसकरांस पत्र दाखवत. सोडवणारे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २३:१५ दाखवत: धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नकोस. दोघांच्या हातात शास्त्र एकच. मुलांना आधी ‘अनुवाद’मधलं ते वचन वाचायला द्या, मग इफिसकरांस पत्र.

टाकळीकर:
इतिहास मान्य, पण त्याने शब्दाचा निकाल लागत नाही. परका शब्द नको असेल तर मराठीत ‘बटीक’ आहे. पेशवाईत विकत घेतलेल्या बायकांना बटकी, कुणबिणी म्हणत.

जुनी वही:
म्हणजे आपल्याकडेही बाजार होता, हे तुम्हीच सांगितलंत. त्या बायकांना ‘दासी’ म्हणून झाकायचं का?

निफाडची लेक:
माझ्या आजोबांकडे एक सालदार होता. लेकीच्या लग्नाला त्याने उचल घेतली. वर्ष संपलं तरी उचल फिटली नाही, म्हणून तो पुढल्या साली राहिला, मग त्याच्या पुढल्या. आम्ही त्याला मामा म्हणायचो, दिवाळीला कपडे द्यायचो. दास, गुलाम यातलं काहीच कुणी म्हटलं नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६चा, हे मी फार उशिरा वाचलं. त्या दिवशी आजोबांच्या फोटोकडे बघवेना. दादा, तुम्ही ‘उचल घेतलेल्यांनो’ असं लिहून बघा. नाशिक जिल्ह्यात कुणालाही कळेल.

टाकळीकर:
ताई, मन हेलावलं. पण वेठ म्हणजे सरकारने किंवा वतनदाराने फुकट राबवणं. सालदाराला मोबदला असतो. त्याला वेठबिगार म्हणणं शब्दाच्या दृष्टीने बरोबर नाही.

निफाडची लेक:
मोबदला होता, जाण्याची सोय नव्हती.

गंगाघाट:
मंडळी, रविवारी सकाळी वर्ग आहे. पौलाचं काय करू?

शरणपूर रोड:
दोन्हीकडे गुलाम लिहा. पौलाने तोच शब्द स्वतःला लावून घेतला, हे मुलांना कळू द्या. फिलेमोन या धन्याला तो त्याच्या ओनेसिम नावाच्या दासाबद्दल लिहितो तेव्हा ‘दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू’ म्हणतो. ‘गुलामापेक्षा अधिक’ असं वाचलं की त्या वाक्याचं वजन लागतं.

टाकळीकर:
पौलाला गुलाम म्हणणं मला जमणार नाही. त्यापेक्षा ‘गडी’ चालेल. सालगडी, रामागडी, अस्सल मराठी.

जुनी वही:
गडी म्हणजे सोबतीसुद्धा. खेळगड्यातला गडी कुणाचा नोकर असतो?