पांढरं रेशनकार्ड आणि जनआरोग्य योजना

पांढऱ्या रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना (दवाखान्यात मोफत उपचारांची राज्य सरकारची योजना) चालत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते जुनं झालं. आता केशरी, पिवळं, पांढरं, सगळ्यांना 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. आणि आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना तर आधीही सातबारा जोडून पांढऱ्या कार्डावर लाभ मिळायचाच. कुणी सांगितलं नाही एवढंच.

खरी अडचण नावांची. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नसतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. आधारवर एक नाव, कार्डावर दुसरं. पेशंट खाटेवर असताना तहसीलला पळण्यापेक्षा हे आत्ताच उरका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर दसऱ्याआधीच.

दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं) टेबल गाठा, बिलिंगचं नाही. ‘योजनेत आहे का?’ एवढंच विचारू नका, ‘या आजारासाठी आहे का?’ असं विचारा. हृदयासाठी अंगीकृत (योजनेत घेतलेला) असलेला दवाखाना हाडांसाठी असेलच असं नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारीतच होतात, त्यासाठी संभाजीनगरचं घाटी नाहीतर अंबाजोगाईचं स्वाराती, ही सरकारी रुग्णालयं.

योजना कॅशलेस आहे. बाहेर रोख भरून मागून पैसे मागायची सोय यात नाही. मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर. तातडीच्या केसमध्ये मात्र फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागून देता येतात. साधी ओपीडी यात बसत नाही.

डिपॉझिट मागितलं तर तिथूनच 155388 लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार टिकत नाही.