विधवा निधीची ओळ सभेत वाचू नको म्हणाले. आज्ञा कुठवर पाळायची?

वहीवाली

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. लिहू की नको करत आठ दिवस गेले. शेवटी आज बसले.

मी अकरा वर्षं आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार आहे. हिशेबाचं शिक्षण नाही, पण अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नाही, म्हणून वडीलजनांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांनी, वही माझ्याकडे दिली. रविवारी उपासना झाली की दोघं जण दान मोजतात, मी लिहिते, ते सही करतात. विधवा निधीचं पाकीट वेगळं. त्यात टाकणारे मुद्दाम त्याच कामासाठी टाकतात. एक आजी आहेत, स्वतः विधवा. रुमालाच्या गाठीत बांधून आणलेली नोट त्या दर महिन्याला माझ्यासमोर सोडतात, हातानं सरळ करतात आणि मगच पाकिटात घालतात.

वार्षिक सभेसाठी मी हिशेब काढला आणि पाळकांना दाखवायला गेले. त्यांनी वही आपल्याकडे फिरवली, विधवा निधीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही ओळ यंदा वाचायची नाही. एकूण आकडा सांग, पुरे." निधीतले पैसे छताच्या दुरुस्तीला वापरले गेले होते. छत खरंच गळत होतं. कुणी खिशात घातले नाहीत, हे मी आधीच सांगते. पण ज्यांनी दिले त्यांना विचारलं नाही, आणि आता सांगायचंही नाही.

मी म्हटलं, पास्टर, कुणी विचारलं तर? ते म्हणाले, मंडळीत फूट पडेल असं काही करू नकोस, आज्ञा पाळणं यज्ञापेक्षा बरं. मग बायबलमधलं इब्री १३:१७ उघडून पुढाऱ्यांविषयीचं वाचलं, "आज्ञेत राहा व त्यांच्या अधीन असा". मी उठले तेव्हा शांतपणे एवढंच म्हणाले, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये."

हेच पाळक माझी आई गेली त्या रात्री अडीच वाजता आले होते. खुर्ची दिली तर नको म्हणाले, खाली आईच्या उशाशी बसले आणि उजाडेपर्यंत स्तोत्र १२१ किती वेळा म्हटलं याची गणती नाही. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा. त्यांच्याबद्दल असं काही लिहिताना हात जड होतो.

पण वही उघडली की ती ओळ दिसते. अक्षर माझं आहे. मी ती वाचली नाही, तर ती आज्ञापालन होईल की खोटी साक्ष? आणि वाचली, तर देवानं नेमलेल्या माणसाविरुद्ध बंड होईल का? रागानं उत्तर देऊ नका, प्रार्थनेनं द्या.

---

थकलेला सभासद

ताई, सोडा ती मंडळी. मी दोन सोडल्या. प्रभू घरीही भेटतो.

---

निवृत्त पाळक

ताई, तेहतीस वर्षं मी सेवा केली आणि इब्री १३:१७ मीही लोकांना वाचून दाखवलं आहे. एकदा तर एका तरुण वडिलाला गप्प बसवण्यासाठी. त्याचा प्रश्न बरोबर होता. तो नंतर आला नाही. म्हणून हे वचन मी आता सावकाश वाचतो, तुम्हीही तसंच वाचा.

मूळ ग्रीकमध्ये "आज्ञेत राहा" यासाठी जे क्रियापद आहे ते "पेइथो" या धातूवरून येतं. त्याचा अर्थ मन वळवणं, पटवणं. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं इफिसकरांस पत्रात सांगितलं आहे, तिथलं क्रियापद निराळं आहे. इब्रीच्या पत्रातल्या आज्ञेत पटण्याला जागा आहे. पुढारी देवाचं वचन समजावून सांगतो, त्याची वागणूक तशी दिसते, आणि विश्वासणारा त्याच्यावर भरवसा टाकून मागे चालतो. पण मी अर्धंच सांगून थांबणार नाही. लगेच पुढचं क्रियापद अधीन होण्याचं, नमतं घेण्याचंच आहे, आणि नव्या करारात ते फक्त इथेच येतं. ते गाळून चालणार नाही. पाळकाचं प्रत्येक म्हणणं आपल्याला आवडलं तरच मानायचं, असा अर्थ यातून निघत नाही. उपासनेची वेळ, सभेचा विषय, कोणी कुठली सेवा करायची, अशा शेकडो गोष्टींत नमतं घ्यायला आपण शिकलंच पाहिजे.

पण त्याच ओळीत पुढाऱ्यांनी हिशेब द्यायचा आहे असं लिहिलं आहे. तो हिशेब जिवांचा आहे, हे खरं. तरी जो माणूस देवापुढे जिवांचा हिशेब द्यायला निघाला, त्याला मंडळीपुढे पैशांचा हिशेब जड का व्हावा? पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ मुद्दाम सोबत घेतला. कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य तेच करायचं म्हणून. २ करिंथ अध्याय ८ वाचा. पौल प्रेषित होता. त्याला कुणी विचारलं नसतं.

आणि १ पेत्र ५:३. पाळकांनी धनीपण करू नये, कळपाला "कित्ते व्हा", असं आपल्या मराठी शास्त्रात आहे. हा शब्द मला फार आवडतो. कित्ता म्हणजे लहान मूल ज्यावरून अक्षर गिरवतं ते. वर ओळ वाकडी असेल तर खाली पन्नास वेळा वाकडीच येते. तुमच्या पाळकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा तुम्हाला काय गिरवायला दिलं, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. ते त्यांना सांगणारं कुणीतरी हवं.

आधी एकट्या जा. मत्तय १८:१५ प्रमाणे. सभेत एकदम वाचून त्यांना उघडं पाडू नका. ऐकलं नाही तर दोन वडील सोबत घ्या. तीमथ्याला पौल सांगतो की वडिलावरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नकोस. यात पाळकाचं रक्षण आहे, आणि तुमचंही. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन, त्यांच्यासाठी त्याहून जास्त.

---

कळपातली एक

वहीवाली ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, मग तुम्ही म्हणालात तसं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडा. तुमचीच गोष्ट आहे. यरुशलेमची पहिली मंडळी, रोजची वाटणी चाललेली, आणि ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकूर सुरू झाली. बारा प्रेषित काय म्हणाले? गप्प राहा, आम्ही अभिषिक्त आहोत, असं म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि तुम्हीच सात जण निवडा म्हणून सांगितलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक वाटणीवर बसले. आणि त्यानंतर लिहिलंय की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. विधवांचा प्रश्न उघडपणे बोलला गेला म्हणून ती मंडळी फुटली नाही.

आता अभिषिक्ताचं वचन. ते स्तोत्र १०५ मधलं आहे. मी कितीतरी वर्षं ते ऐकून मान खाली घालायची. एका रात्री आधीच्या चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून बसले. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी सांगितलं आहे. ते मूठभर होते, परदेशी होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते. आणि त्यांच्यासाठी देवानं राजांना दटावलं, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका म्हणून! ते वचन बलवानांना ऐकवलेलं आहे, दुबळ्यांच्या बाजूनं. तुमच्या मंडळीत त्या वचनाचा आसरा आधी कुणाला मिळायला हवा? त्या रुमालवाल्या आजींना, असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंचंही सांगते. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढच्या दोन वर्षांत ज्या सिस्टर जेराल्डाईननी त्यांना मायेनं सांभाळलं, त्यांच्याशीच पत्रांतून त्यांचा वाद झाला, आणि तो याच आज्ञापालनावरून. रमाबाईंचं म्हणणं असं होतं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी कष्टानं उतरवलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. याजकांच्या तोंडून आलेली प्रत्येक गोष्ट देवाची आज्ञा म्हणून मानणार नाही. पण त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, आणि जेराल्डाईन यांच्याशी नातंही तोडलं नाही. पुढे स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं, १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात होत्या. आज्ञा पाळायची तर ती आधी नीट वाचता यायला हवी, असं त्यांच्याकडे पाहून मला वाटतं.

---

पाळकाचा मुलगा

दुसरी बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. मी पाळकाच्या घरात वाढलो. पाऊस लागला की बाबांना रात्री झोप नसायची, कारण छत गळलं तर लोक त्यांना धरायचे आणि वर्गणी मागितली तरी त्यांनाच धरायचे. जेवताना फोन यायचा तो मरणाचा, भांडणाचा किंवा तक्रारीचा. तुमच्या पाळकांनी तो निर्णय घेतला तेव्हा ते फार एकटे असतील. चूक केली, पण लोभानं नाही. भीतीनं केली असावी, आणि आता लाज वाटते म्हणून ओळ झाकतायत. हे ओळखून त्यांच्याकडे जा.

दावीद आणि शौल आठवा. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठलेला. गुहेत तो तावडीत सापडला तेव्हा दावीदानं त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही, हे त्याचे शब्द. पण लोक इथेच थांबतात. दावीद थांबला नाही. तो गुहेबाहेर आला, शौलाला हाक मारली, भुईपर्यंत वाकून नमन केलं, त्याला "माझ्या बापा" म्हणाला, आणि तो कापलेला काठ हातात धरून दाखवला. उघडपणे सांगितलं की तुम्ही माझ्याशी अन्याय करताय. शौल रडला. हात टाकला नाही, पण तोंडही मिटलं नाही.

तुमची वही म्हणजे तो काठ आहे, ताई. वाकून दाखवा. पण दाखवा.

---

वहीवाली

सगळ्यांचे आभार. थकलेले भाऊ, तुमचंही वाचलं. तुम्ही कशामुळे थकलात ते कधी सांगावंसं वाटलं तर इथे लिहा, मी वाचीन.

बुधवारी प्रार्थना सभा झाल्यावर मी थांबले. सगळे गेले. पाळक दिवे मालवत होते, शेवटचा एक तसाच ठेवून आले आणि समोर बसले. वही मी पदराखाली धरली होती, ती बाहेर काढली. कृत्ये ६ बोलायचं ठरवून गेले होते, पण आधी निराळंच तोंडातून आलं. मी म्हटलं, पास्टर, माझी आई गेली तेव्हा तुम्ही खाली बसला होतात. म्हणून मी तुमच्यापाठी हे सभेत वाचणार नाही. पण न वाचता सहीही करणार नाही. माझ्या अक्षराखाली ते मला जमणार नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोडं चढ्या आवाजात म्हणाले, तुला कुणी शिकवलं हे? मी म्हटलं, संडे स्कूलमध्ये खोटी साक्ष देऊ नको हे मीच पोरांना शिकवते. त्यावर पुन्हा शांतता. त्यांनी वही ओढून घेतली, ती ओळ पाहिली आणि विचारलं, "त्या आजी अजून टाकतात?" मी हो म्हटलं. दर महिन्याला.

त्यांनी डोळे पुसले की नुसता चष्मा, ते मला कळलं नाही. म्हणाले, "ओळ राहू दे. मी वाचतो. तू नको." मी विचारलं, पैसे निधीत परत कधी जातील? त्याचं उत्तर दिलं नाही. वडीलजनांशी बोलायला हवं, एवढं म्हणाले. मग आम्ही प्रार्थना केली. सुरुवात त्यांनी केली, पण मध्येच थांबले आणि पुढची मी केली.

घरी येताना मला हलकं वाटलं नाही, खरं सांगते. पैसे परत जायचे कधी, हे मी दोन वडिलांना सोबत घेऊन पुन्हा विचारणार आहे. निवृत्त पाळक, तुमच्या त्या तरुण वडिलाचा पत्ता अजून तुमच्याकडे असेल तर त्यांना एक पत्र लिहाल का? मला विचारायचा हक्क नाही, पण विचारावंसं वाटलं.

सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. तोवर वही माझ्याकडेच आहे.

---

निवृत्त पाळक

पत्ता आहे. आज रात्री लिहायला बसतो.